रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही

(समुदाय रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण)



मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल आपण मागे बोललो, तेव्हा बरेच फोन आले. फोन करणाऱ्या बहुतेक जणी स्वतः आजारी नव्हत्या. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाची आई उपचार घेत होती आणि रिपोर्टची फाईल या बायकांच्या हातात होती. प्रश्नही साधारण सारखाच होता. लॅबचा रिपोर्ट मोबाईलवर आलाय, सीईएचा आकडा वाढलाय, डॉक्टरांची भेट सोमवारी आहे, तोवर काय समजायचं?

म्हणून आज आपण या रक्ततपासण्यांबद्दल बोलणार आहोत. आजार आतड्याबाहेर, म्हणजे यकृतात, फुप्फुसात किंवा पोटातल्या पडद्यावर पसरला की त्याला चौथा टप्पा म्हणतात. अशा वेळी डॉक्टर काही आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधतात. ते आकडे कुठून येतात, किती खरे मानायचे, आणि घरच्या माणसांनी त्यांच्याकडे कसं पाहायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात सीईएपासून करू, कारण सगळ्यात जास्त झोप तोच उडवतो.

हा पदार्थ १९६५ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन या दोन डॉक्टरांनी शोधला. त्यांनी एकाच रुग्णाच्या आतड्याचे दोन तुकडे घेतले, एक गाठीचा आणि एक निरोगी भागाचा. गाठीत आहे पण निरोगी भागात नाही, असं काही सापडतं का, हे त्यांना पाहायचं होतं. सापडलं. आणि तोच पदार्थ गर्भातल्या बाळाच्या आतड्यातही मिळाला. बाळ पोटात वाढत असताना त्याचं आतडं हा पदार्थ भरपूर बनवतं, जन्माच्या सुमारास ते काम जवळजवळ थांबतं, आणि कॅन्सरच्या पेशी तेच बंद पडलेलं काम पुन्हा सुरू करतात. गर्भाशी असलेलं हे नातं त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातही आहे. आपण सीईएच म्हणू.

तेव्हा लोकांना वाटलं, चला, रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कळणार. तसं झालं नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत सीईए थोडा जास्त असतो. यकृताचे आजार, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनी सूज यांतही तो वाढतो. उलट काही जणांची गाठ मोठी असूनही ती सीईए बनवतच नाही. म्हणून निरोगी माणसानं 'कॅन्सर आहे का बघू' म्हणून ही तपासणी करू नये. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये ती घातलेली असते. त्यात आकडा किंचित जास्त आला तर उगाच धसका बसतो, आणि नॉर्मल आला तर खोटा निर्धास्तपणा येतो. शौचातून रक्त जाणं, सवयीत बदल होऊन तो टिकणं, पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरणं, यांपैकी काही असेल तर सीईए नव्हे, डॉक्टरांकडून तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीनं आतडं पाहणं हाच मार्ग आहे. 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन् महिने घालवू नका.

मग सीईए उपयोगाचा कधी? निदान झाल्यानंतर. साधारण पाच नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. ऑपरेशनआधी तो वाढलेला असेल आणि गाठ पूर्ण निघाली, तर चार ते सहा आठवड्यांत तो खाली यायला हवा. नाही आला, तर कुठेतरी काही उरलंय अशी शंका डॉक्टर घेतात. पसरलेल्या आजारात केमोथेरपी चालू असताना तो उतरत राहिला तर औषध लागू पडतंय असा आधार मिळतो. पुन्हा पुन्हा चढत राहिला तर सीटी स्कॅन लवकर करून पाहतात.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. पहिली, केमो सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत सीईए काही जणांत आधी वाढतो आणि मग उतरतो. औषधानं गाठीच्या पेशी फुटतात, त्यातला माल रक्तात सांडतो, यकृतावरही ताण येतो. म्हणून त्या काळातल्या एका वाढलेल्या आकड्यावरून 'औषध फुकट गेलं' असं ठरवायचं नाही. दुसरी, दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा. वेगवेगळ्या यंत्रांवर आणि किटवर एकाच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो. आज गावातल्या लॅबमध्ये, पुढच्या वेळी शहरातल्या, असं केलं तर वाढ खरी की यंत्राची, हे कुणालाच सांगता येत नाही.

थोडक्यात, सीईए हा एक फोटो नाही, त्याची चाल पाहायची असते. तीन रिपोर्ट तारखेनं ओळीत लावले की जे कळतं, ते एका रिपोर्टवरून कळत नाही.

आता दुसऱ्या प्रकारचे आकडे. हे गाठीतून थेट येत नाहीत, गाठीमुळं शरीरात काय चाललंय ते सांगतात. यातले बरेचसे आपल्या नेहमीच्या, स्वस्त तपासण्यांतच असतात.

सीबीसी घ्या. त्यात पांढऱ्या पेशींची फोड दिलेली असते. न्यूट्रोफिल इतके टक्के, लिम्फोसाइट इतके टक्के. न्यूट्रोफिल या धावत जाऊन जंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट या ओळख पटवून लढणाऱ्या पेशी, आणि कॅन्सरविरुद्ध शरीराची जी काही लढाई असते, तीत त्यांचा वाटा मोठा. समजा न्यूट्रोफिल ७२ आणि लिम्फोसाइट १८ आहेत. ७२ भागिले १८ म्हणजे ४. या भागाकाराला डॉक्टर एनएलआर म्हणतात. अनेक अभ्यासांत हा आकडा पाचाच्या वर असलेल्या रुग्णांचा आजार, एकंदरीत पाहता, जास्त जोरात गेलेला दिसला. पण हाच आकडा साध्या तापानं, जखमेतल्या पूनं, उलटी थांबवायला दिलेल्या स्टेरॉइडनं किंवा पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शननंही चढतो. म्हणून उपचार सुरू होण्याआधीचा, ताप वगैरे नसतानाचा आकडा धरतात. केमोच्या मध्येच घरी भागाकार करत बसण्यात अर्थ नाही.

सीआरपी आणि अल्ब्युमिन ही दुसरी जोडी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या डॉक्टरांनी या दोघांवरून गुण द्यायची सोपी पद्धत बसवली. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शून्य गुण. त्याहून जास्त असेल पण अल्ब्युमिन ठीक असेल तर एक. सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर दोन. इथे गुण जितके कमी तितकं बरं. आपल्या काही लॅब सीआरपी डेसिलिटरमध्ये देतात, तिथे १० ऐवजी १ ही रेघ असते. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय घाबरू नका.

या जोडीमागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यावरून घराघरांत भांडणं होतात. गाठीमुळं शरीरात आतल्या आत सूज धुमसत राहते. सूज म्हणजे पाय सुजतात ती नव्हे, जखम झाल्यावर शरीर जी युद्धाची तयारी करतं ती. यकृताला निरोप जातो की युद्ध चालू आहे, सीआरपी बनव. यकृत मग सीआरपी वाढवतं आणि अल्ब्युमिन कमी करतं. स्नायू झिजतात, भूक जाते, वजन उतरतं.

आता होतं असं, की रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.९ आलं की नातेवाईक सुनेकडे किंवा बायकोकडे बघतात. 'खायला नीट घालत नाहीस का?' म्हणतात. मैत्रिणींनो, हे आम्हाला स्पष्ट सांगायचं आहे. कॅन्सरमधलं उतरलेलं अल्ब्युमिन हा बहुतेक वेळा या धुमसणाऱ्या सुजेचा हिशेब असतो, तुमच्या स्वयंपाकाचा नव्हे. अंडी, डाळ, दूध, पनीर जरूर द्या. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या, त्यानं ताकद टिकायला आणि उपचार सोसायला मदत होते. पण आठवडाभर अंडी खाऊ घालून आकडा वर आला नाही, म्हणून कुणी तुम्हाला दोष दिला तर तो मान खाली घालून घेऊ नका. आणि रुग्णाला भूकच नसेल तर घास कोंबू नका.

एलडीएच हे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं एन्झाइम. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं. गाठ भराभर वाढत असेल, आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नसेल, तर ते वाढतं. म्हणून वाढलेलं एलडीएच हे आजाराचा बोजा जास्त असल्याचं लक्षण मानतात. पण रक्त काढताना नळीतच लाल पेशी फुटल्या तरी एलडीएच खोटंच वाढलेलं येतं. अचानक एकदम वर गेलेला आकडा आला तर 'पुन्हा रक्त घ्यायचं का?' हे विचारायला संकोच करू नका.

अल्कलाइन फॉस्फटेज यकृत आणि हाडं यांच्याबद्दल सांगतं. आतड्याकडून येणारं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून आतड्याचा कॅन्सर पसरताना बहुधा पहिला मुक्काम तिथेच करतो. प्लेटलेट वाढणं आणि हिमोग्लोबिन उतरणं हेही आजाराच्या जोराकडे बोट दाखवतात. मात्र आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आजाराआधीच कमी असतं आणि लोह कमी असलं तरी प्लेटलेट वाढतात. त्यामुळं जुना रिपोर्ट असेल तर तो डॉक्टरांना दाखवा. कॅन्सरमुळं किती आणि आधीचं किती, हे त्यावरून कळायला सोपं जातं.

एवढे आकडे झाले. आता सगळ्यात अवघड प्रश्न. यावरून माणूस किती जगेल ते कळतं का?

युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाचं उदाहरण घेऊ. २००२ साली तो छापून आला. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या ३,८२५ रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. चार साध्या गोष्टींवरून रुग्णांचे तीन गट पडले. पांढऱ्या पेशींची संख्या, अल्कलाइन फॉस्फटेज, आजार किती ठिकाणी पसरलाय, आणि रुग्ण दिवसभरात किती हिंडतो-फिरतो. बऱ्या गटाचा मधला आकडा १५ महिने होता, मधल्या गटाचा जवळपास ११ आणि वाईट गटाचा ६.

हे ऐकून कुणाच्या पोटात गोळा आला असेल तर थोडं थांबा. मधला आकडा म्हणजे काय? अकरा बायका उंचीप्रमाणे उभ्या केल्या तर सहावी जी असेल ती मधली. पाच तिच्याहून ठेंगण्या, पाच उंच. त्या उंच पाचांत कुणी किती उंच आहे, हे सहावीच्या उंचीवरून कळत नाही. मधला आकडा १५ महिने म्हणजे अर्धे लोक त्यानंतरही होते, आणि त्यांतले काही बरेच नंतरही. शिवाय हे आकडे त्या काळच्या औषधांचे आहेत. त्यानंतर नवी औषधं आली, औषधांच्या जोड्या बदलल्या, आणि पुढच्या काही मोठ्या अभ्यासांत मधला आकडा ३० महिन्यांच्या आसपास गेला. त्या अभ्यासांत तुलनेनं धडधाकट रुग्ण घेतात, हेही खरं. म्हणून जुना आकडा जसाच्या तसा आपल्या माणसाला लावायचा नाही, आणि नवाही डोळे झाकून लावायचा नाही.

आणि पसरलेला आजार म्हणजे सगळं संपलं, असंही नेहमी नसतं. न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या कॅन्सर रुग्णालयात १९८५ ते १९९८ या काळात १,००१ रुग्णांच्या यकृतात पसरलेल्या गाठी ऑपरेशननं काढल्या. त्यांतले ३७ टक्के पाच वर्षांनी आणि २२ टक्के दहा वर्षांनी हयात होते. कुणाला जास्त धोका, हे ठरवायला तिथल्या डॉक्टरांनी पाच खुणा काढल्या. त्यांतली रक्तातली खूण एकच, सीईए २०० च्या वर असणं. बाकीच्या चार गाठींच्या संख्येच्या, आकाराच्या, गाठी किती काळानं आल्या याच्या आणि आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींत आजार होता का याच्या. म्हणजे बघा, रक्ताचा आकडा पाचांतला एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. म्हणून यकृतातल्या गाठी काढता येतील का, हा प्रश्न एकदा तरी यकृताच्या सर्जनना विचारला गेला पाहिजे. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून यावर विचार करतात.

युरोपच्या त्या अभ्यासातली चौथी गोष्ट आठवा, रुग्ण किती हिंडतो-फिरतो. ही सुई न टोचता मिळणारी माहिती आहे आणि ती रक्ताच्या तोडीची आहे. स्वतःची आंघोळ स्वतः करते का, दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जातो का, मागच्या महिन्यापेक्षा काय सुटलं? हे घरातल्या माणसालाच ठाऊक असतं. आणि बाई स्वतः रुग्ण असेल तर? ती डॉक्टरांसमोर पदर सावरून बसते आणि म्हणते, 'बरी आहे.' घरी आल्यावर भिंतीला धरून चालते. मैत्रिणींनो, हे 'बरी आहे' महागात पडतं. त्यावर औषधाचा डोस ठरतो.

रक्ताच्या आणखी एका प्रकारच्या तपासण्या आहेत. वर सांगितलेले आकडे 'आजार कसा वागेल' ते सुचवतात. या दुसऱ्या तपासण्या 'कोणतं औषध चालेल' ते सांगतात. गाठीच्या तुकड्यावर रास आणि ब्राफ या जनुकांची तपासणी करतात. रासमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅबसारखी महाग औषधं उपयोगी पडत नाहीत. म्हणजे एका तपासणीनं लाखो रुपये आणि वाया जाणारे महिने वाचतात. एमएसआय नावाची तपासणीही तुकड्यावर करतात. ती ठरावीक प्रकारे आली तर इम्युनोथेरपी हा चांगला पर्याय असतो. तुकडा मिळत नसेल तर गाठीतून रक्तात सुटलेल्या डीएनएवरही यातल्या काही गोष्टी पाहता येतात. त्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. हा डीएनए काही तासांतच रक्तातून नाहीसा होतो, त्यामुळं आज काय चाललंय ते तो लवकर सांगतो. यावर खूप काम चालू आहे. पण तपासणी महाग आहे.

आणि फाइव्ह एफयू किंवा कॅपेसिटाबिन ही नेहमीची औषधं सुरू करण्याआधी एक रक्ततपासणी असते, डीपीवायडी. काही थोड्या माणसांच्या शरीरात ही औषधं मोडणारं एन्झाइम कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२० पासून ती आधी करायला सुचवलं आहे. आपल्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

आता, प्रत्येक महागड्या तपासणीआधी विचारायचा एक प्रश्न आम्ही सांगतो. पाठ करून ठेवा. 'डॉक्टर, या रिपोर्टमुळं उपचार बदलणार आहे का?' उत्तर 'हो' असेल तर पैसे जमवायचा विचार करू. 'नाही, फक्त माहितीसाठी' असेल तर तेच पैसे प्रवासाला, औषधाला, घरखर्चाला वापरू.

घरी एक वही करा. शंभर पानी, साधी. तारीख, कितवी केमो, सीईए, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, वजन, आणि शेवटी एक ओळ, 'आज काय काय करू शकली.' मोबाईलवरचे रिपोर्ट हरवतात, वही हरवत नाही. भेटीला जाताना तीन गोष्टी विचारा. मागच्या तीन रिपोर्टवरून चाल कुठे आहे? स्कॅन आणि रक्त एकच सांगतात का? आणि आजच्या उपचाराचा हेतू काय, आजार घालवणं, तो थोपवून धरणं, की त्रास कमी करणं?

हा शेवटचा प्रश्न तोंडातून निघत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो विचारला नाही तर घर कर्जात जातं आणि रुग्णाला जे बोलायचं, ज्यांना भेटायचं, ते राहून जातं. अनेक घरांत रिपोर्ट सगळ्यांना माहीत असतो, फक्त जिचं रक्त काढलं तिला नाही. 'तिला झेपणार नाही' म्हणतात. आम्ही म्हणतो, आधी तिलाच विचारा, 'तुला किती जाणून घ्यायचंय?' ती म्हणाली 'सगळं', तर सगळं सांगा. म्हणाली 'नको, तुम्हीच बघा', तर तेही मान्य करा. ठरवायचा हक्क तिचा आहे. मुलीचं लग्न, शेताचे कागद, माहेरी एकदा जाऊन येणं, या गोष्टी तिच्याही मनात असतात.

आकडे वाईट असले तरी करण्यासारखं बरंच असतं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'आता घरी न्या' असं नव्हे. वेदना, उलटी, दम, झोप, मनाची घालमेल यांवर नीट उपचार करणारी ती वेगळी शाखा आहे आणि ती केमोबरोबरही चालते. टाटा मेमोरियलमध्ये तिचा स्वतंत्र विभाग आहे, काही जिल्हा रुग्णालयांतही ही सोय मिळते. शेवटच्या दिवसांची वाट न पाहता तिची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन भेटा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी रिपोर्ट मोबाईलवर आला की आधी एकक वाचा, मग मागच्या रिपोर्टशेजारी ठेवा, मग वहीत लिहा. आणि सोमवारपर्यंत त्या माणसाशी आकड्यांखेरीज दुसरंही काही बोला.

पुढच्या भागात केमो चालू असतानाचं खाणं-पिणं आणि तोंड येण्यावरचे उपाय. तुमचे प्रश्न केंद्रावर कळवा. नमस्कार.